विषय: दाढदुखीबाबत

पुनाजी वेळीप म्हणाला, दांत दुखता. इतलेंच बरय.
इतकंच कसं लिहिणार?
बावीस वर्षं पंचायतीत कारकून होतो,
घरपट्टीचे पैसे खाल्ले म्हणून कोलवाळला आलो,
पण हात अजून सरकारीच आहे.
लिहिलं: उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की
अर्जदाराची खालची डावी दाढ
गेल्या अकरा दिवसांपासून...
त्यानं विचारलं, हांतूंत दांत खंय आसा?
मी बोट ठेवलं. त्याला वाचता येत नाही.
बोटाकडे बघून त्यानं मान हलवली.

पहिली पायरी गार्ड. तोंडी सांगायचं.
गार्ड म्हणाला, लेखी द्या.
जेलरला लेखी दिलं,
तो म्हणाला, विहित नमुन्यात द्या.
नमुने संपले होते.
म्हापशाहून झेरॉक्स येईतो चतुर्थी उलटली.
तोवर वेळीप उंडो चहात बुडवून
उजव्या गालानं खायला शिकला,
आणि रात्री भिंतीला गाल लावून निजायला.
भिंत थंड असते, पहाटेपर्यंत.

मग पेटी.
हिरवी, भिंतीत ठोकलेली,
चावी महिन्यातून एकदा येणाऱ्या साहेबांकडे.
त्या महिन्यात साहेब आले, चावी नाही आली.
पुढच्या महिन्यात उघडली
तर तळाशी मुंग्या, कागद दमट, शाई फुटलेली.
'नम्र' एवढंच धड वाचता येत होतं.

सेल्सा फुर्तादो, फुकटातली वकील,
एक शुक्रवार सोडून येते.
हेल्मेट मांडीवर ठेवून बोलते, घड्याळ बघत नाही.
म्हणाली, पर्वरीला याचिका टाकू,
पण तिथं पहिलंच विचारतील,
आतले सगळे उपाय संपवलेत का?
मी वेळीपला समजावून सांगितलं.
त्याला कळेना, उपाय संपवायचा कशाला?
काणकोणच्या डोंगरात त्याच्या घरी
उपाय म्हणजे पाला. वाटून लावायचा.
संपला तर रानात जाऊन परत आणायचा.

अधीक्षकांकडून उत्तर आलं:
'योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे सादर.'
हे अक्षर माझं नव्हतं, वाक्य माझं होतं.
विठाबाय पार्सेकरच्या नळावर
तीन वर्षं मी हेच मारत होतो.
व्हरांड्यात तिच्या चपला वाजल्या
की शिक्का उचलायचो, मान वर न करता.
तिचा नळ कोरडाच असेल अजून.
वेळीपला हे सांगितलं नाही.
त्यानं विचारलं, पुढें म्हणजे खंय?
म्हटलं, पणजी.

कार्निव्हालच्या आठवड्यात, रात्री,
त्यानं कांबळीचा दोरा उसवला,
एक टोक गजाला, एक दाढेला,
आणि उठून उभा राहिला.
आवाज केला नाही. मी जागा होतो.
दाढ त्यानं पेटीच्या पोचपावतीत गुंडाळली,
दुसरा कागद त्याच्याकडे नव्हता.

चार दिवसांनी पणजीचं पत्र, इंग्रजीत.
तारीख बरोबर, जावक क्रमांक बरोबर, नाव पुंडलिक वेळीप.
'तक्रारीचे कारण शिल्लक राहिलेले नाही.
अर्ज निकाली.'
कोणी कळवलं त्यांना?
इतक्या लवकर तर इथं काहीच कळत नाही.

सेल्सानं सगळे कागद लावून बघितले.
म्हणाली, झालं, संपले.
आता कोर्टात काय मागायचं, ते बघते.
मग हेल्मेट खाली ठेवलं,
वेळीपला म्हणाली, तोंड उघड.
आणि वाकून बघितलं.
सात महिन्यांत हे पहिल्यांदा झालं.
गार्डसुद्धा जरा पुढे सरकला.

बराकीत परतल्यावर वेळीप माझ्याशेजारी बसला,
हिरडीवर बोट फिरवत.
हाच्या कुशीचोय दुखता, म्हणाला.
मी वही उघडली. तारीख घातली.
प्रति, लिहिलं. मान्यवर, लिहिलं.
त्यानं माझं मनगट धरलं.
ह्या फावटी दांत पयलीं बरय.