ठिपका

म्हापशात, मासळी घेऊन परतताना,
म्हाबळूच्या दुकानात पाकीट उलटं धरून मी उभी.
अक्षरं मुंगीच्या पायांएवढी:
साखर, ग्लुकोज, आम्लता नियामक,
आणि पाकीट जिथे चिकटवलंय
नेमकं त्या घडीत,
जिलेटिन.

म्हाबळू हसतो. "बाय, पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या लोंबताहेत
आणि ठिपका कसला शोधता?"

काय सांगू?
बांगडा डोळे उघडे ठेवून घरी येतो,
आपण कोण ते लपवत नाही.
हे मात्र कुणाचं हाड, कुणाची कातडी,
उकळून, गाळून, स्ट्रॉबेरीचा वास लावून
अस्वल होऊन बसलेलं.

शेजारच्या इस्माल्दाचा मुलगा तारवटी.
बोटीवरून आला की वल्लरीला पिशवीभर गोळ्या,
त्यांवर ना हिरवा ठिपका ना तपकिरी.
मग इस्माल्दाच चष्मा पुसते,
चौथीपर्यंतचं पोर्तुगीज आठवत
ओळीवरून बोट फिरवते, थांबते.
"हें नाका गो," म्हणते,
आणि लेकाची भेट स्वतःच परत नेते.
संध्याकाळी कुंपणावरून येतो वाटीभर दोस:
चण्याची डाळ, नारळ, साखर.
यादी संपली.

रात्री वल्लरी माझी रोजची कॅप्सूल
दिव्यासमोर धरते,
पिवळी, मऊ, आरपार.
"आई, हिच्यावर ठिपका कुठाय?"

बोटांना अजून हुमणाचा वास.
पाण्याचा पेला ओठांशी आलेला,
तिथेच.