पश्चिमेची भिंत

गगनबावड्यातून समुद्र दिसत नाही,
पण करुळ घाट चढून तो येतो
हे घरात सगळ्यांत आधी खिळ्यांना कळलं.
मागच्या साली ठोकलेला पत्रा
श्रावणातच भिंतीवर पिंका टाकू लागला.

म्हणून यंदा मे महिन्यात
कोल्हापुरातून, उद्यमनगरातून बाळगोंडा आला.
जुना रंग त्यानं नखानं खरवडला,
मी पुढं केलेला कॅटलॉग न उघडताच परत दिला.
"लाकडागत दिसणारं नको, वहिनी.
वारं काय बघाय येतंय व्हय?"

स्क्रू स्टीलचे, वायसर रबरी.
"मारायचा वरंब्यावर, सरीत न्हाई.
सरी पाण्याची."
उसातला माणूस,
पन्हाळी पत्र्यातही त्याला रानच दिसतं.
जोडाचं तोंड उत्तरेला, वाऱ्याकडं पाठ करून.
पत्र्यामागं दोन बोटं जागा,
भिंतीला वाळायला.

मग खिडकी.
मामंजी तिथं बसून ढगांना शिव्या घालायचे.
"बुजवू?" त्यानं विचारलं.
मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर
खिडकीभोवती खडूचा चौकोन,
वर वीतभर छज्जा आखलेला.
"पाणी येणार थोडं," कप घेत म्हणाला,
"बादली ठेवा खाली."