राखाडी डब्याचा मंगळवार

पहिल्याच सकाळी शेजारच्या मिस्टर हॅलिवेलनी
दगडी गडग्यावरून विचारलं, "बरं आहे ना?"
मी थांबले. पिशवी खाली ठेवली.
म्हटलं, खरं सांगू? झोपच लागत नाही,
कंबर धरलीय, एक बॅग विमानातच राहिली,
आणि तुमच्याकडच्या नळांचं मला काही कळत नाही,
एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ,
मधलं काही या घराला ठाऊकच नाही.
कपडे बदलणाऱ्याच्या खोलीत चुकून शिरावं
तसे ते उभे राहिले.
मग म्हणाले, "हं. बरं तर,"
आणि गुलाबांकडे वळले.

लॅबमधल्या हेस्टरने नंतर समजावलं:
तो प्रश्न नसतो गं.
उत्तर द्यायचंच असेल तर
तोच प्रश्न परत द्यायचा, आणि चालू लागायचं.

आम्ही डुलुथची माणसं.
तिथे सरोवरावरून वारा सुटला
की गॅरेजमधल्या बापाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं.
आवाज तसाच राहिला माझा.
हॅलिफॅक्सच्या बसमध्ये मी फोन उचलला
की सगळ्या माना खिडकीकडे वळतात
आणि धुक्यात काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागतात.

हळूहळू शिकले.
"वाईट नाही" म्हणजे उत्तम.
"धाडसी कल्पना आहे" म्हणजे कृपा करून नको.
"एकदा घरी या ना" असं कुणी म्हटलं
तेव्हा मी डायरी उघडून तारीख विचारली होती;
हेस्टर अजून ते आठवून लाल होते.
आणि तिने खरंच 'टी'ला बोलावलं त्या दिवशी
मी घरून पोटभर जेवून गेले, नुसता चहा असेल म्हणून,
तर टेबलावर अख्खी कोंबडी, बटाटे, वर गरम कस्टर्ड.
सगळं खाल्लं. काय करणार.

मार्चमध्ये बाजारात एकाने माझ्या पायावर पाय दिला
आणि "सॉरी" मी म्हटलं.
ते बाबांना फोनवर सांितलं तर पलीकडे शांतता,
मग म्हणाले, "ट्वायला, पाय तुझाच होता ना?"
आणि इतके हसले की खोकला लागला.
तो खोकला मला तेव्हा
हसण्याचाच भाग वाटला.

ऑक्टोबरात बाबा गेले.
बातमी रात्री आली. मी काय बोलले, आठवत नाही.
पहाटे निघाले, अकरा दिवसांनी परतले,
आणि टॅक्सीत एकदम आठवलं, डबे!
राखाडी मंगळवारी, निळा पुढच्या,
तपकिरीचं तर वेगळंच पंचांग.
सगळं कुजलं असेल, गल्लीभर वास.

डबे रिकामे होते. धुतलेले.
भिंतीला लागून ओळीत उभे, मुठी आतल्या बाजूला
(मी नेहमी उलट्या ठेवते, हे कुणीतरी वर्षभर सोसलं होतं).
दाराच्या फटीतून आत पडलेलं एक कार्ड,
छापील कवितेखाली बॉलपेनने
"सॉरी. हॅलिवेल."
एवढंच.

यांना कुणी सांगितलं?
कोटही न काढता पायरीवर बसले
तेव्हा पलीकडून त्यांच्या किटलीची शिटी ऐकू आली,
अगदी कानाशी,
आणि कळलं:
आमच्या मधली भिंत एका विटेची आहे.
माझा आवाज डुलुथचा.

सकाळी गडग्यावरून, "बरं आहे ना?"
शब्द तेच.
फक्त कात्री थांबलेली होती,
आणि या वेळी गुलाबांकडे पाठ.
एखाद्याने वाट पाहावी तेवढा वेळ ते थांबले,
मग त्याहून थोडा जास्त.

सांगण्यासारखं किती होतं.
म्हटलं, "वाईट नाही."

त्यांनी मान हलवली, खूप सावकाश,
जणू मी तासभर बोलले होते.
"उद्या निळा," ते म्हणाले.
"हो," म्हटलं, "निळा."