वाळवण

परवान्याच्या अर्जात रकाना होता: कलाकार किती?
हालश्काने लिहिलं, तीन.
मी विचारलं, बाकीचे दोघं कुठेत?
म्हणाली, ते दिसले तर प्रयोग फसला.

मी शिक्का मारला. नगरपालिकेत एकोणीस वर्षं झाली,
याहून अवघड कागदांवर मारलेत.

आमच्या चौकातली विहीर कधीचीच आटली.
मी शाळेत होते तेव्हा तिच्यावर सिमेंटची लादी बसली,
आता लादीवर कबुतरं आणि बिअरचे डबे.
पोलंडची सीमा इथून अकरा किलोमीटर.
जंगल त्याहून जवळ.

ऑगस्टमधल्या शनिवारी, ऐन बाजारात
ती अनवाणी आली.
झगा नाही, मुखवटा नाही,
फुलाफुलांचा एप्रन, माझ्याकडे आहे तसलाच.
लादीवर चादर अंथरली, चारी टोकं ताणली,
भरडलेले जव मुठीमुठीने पसरले,
बोटांनी रेघा ओढल्या
आणि शेजारी बसली राखणीला.

एवढंच.
चार तास, एवढंच.

पवित्र शास्त्रात ती दीड ओळीची बाई आहे.
दाविदाचे दोन निरोपे जीव मुठीत धरून पळत आले,
बहूरीम गावात, तिच्या अंगणातल्या विहिरीत उतरले.
तिने विहिरीच्या तोंडावर पांघरूण घातलं, वर धान्य घातलं,
शिपायांना म्हणाली, ते ओढा ओलांडून गेले.
निरोप पोचला. राजा वाचला.
तिचं नाव विचारायला कुणी मागे वळलं नाही.

फादर लेओनार्द गर्दीत उभे होते. हळूच म्हणाले,
पान उलटताना ती नेहमी माझ्या अंगठ्याखाली यायची.

मी मात्र जवाकडे बघत होते.
खाली एकाला खोकला आला असता तर?
चादरीच्या विणीतून भुसा गळून
कुणाच्या पापणीवर पडला असेल,
आणि त्याने डोळा चोळला नसेल.

पोरं विचारत, खाली कोण आहे?
हालश्का म्हणे, ऊन बरं पडलंय आज.

तीनच्या सुमाराला गस्तीची जीप थांबली.
हे प्रयोगात नव्हतं.
शिपाई कोवळा, हनुवटीवर पुटकुळ्या.
रात्री जंगलातून दोघं आलेत, कुणी पाहिलं?

कुणी बोलेना. तराजूसुद्धा हलेना.
मग बटाटेवाला झेनोबी,
जो सकाळपासून पाठ करून सुटे पैसे मोजत होता,
ज्याने या तमाशाला दोनदा शिव्या दिल्या होत्या,
मान वर न करता म्हणाला,
ओढा ओलांडून गेले.

आमच्या गावाला ओढा नाही.
शिपाई इथलाच, पाववाल्या गेनोवेफाचा धाकटा.
त्याला ते ठाऊक होतं.
त्याने चादरीकडे पाहिलं, जवाकडे पाहिलं,
बूट जरा मागे घेतला, दाणे चिरडू नयेत असा,
आणि जीपमध्ये बसला.

ऊन उतरल्यावर हालश्काने चादरीचं एक टोक उचललं,
सिमेंटवर ओणवी होऊन म्हणाली, या वर.

आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो.
वाट द्यायला.

सोमवारी अर्जाच्या पाठीवर शेरा लिहायचा होता.
प्रयोग झाला काय? झाला.
कलाकार किती?
मी तीनवर काट मारली
आणि बाजार आठवत, एकेक तोंड आठवत
मोजायला बसले.