दहानंतर बाहेर येऊ नये

अशी पाटी आहे तंबूबाहेरच्या खांबाला, तारेनं बांधलेली.
खाली एक शिट्टी. लाल. शाळेच्या कवायतीतली.

नांदूर मध्यमेश्वर. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला
गोदावरी वाहत नाही, नुसती पसरते;
कादवा येऊन मिळते तेही तिला कळत नसावं.
आठ तंबूंपैकी सात रिकामे.
मी अंबडला पंधरा वर्षं सुटे भाग तपासते,
व्हर्नियरच्या जबड्यात एकेक तुकडा धरून,
केसाएवढी चूक सापडली की लाल खूण.
दोन दिवस काही मोजायचं नाही असं ठरवून आले
आणि आल्या आल्या तंबूची शिवण तपासली.

गंगाधर आघाव दुर्बीण देतो, पट्टा गळ्यात घाला म्हणतो.
"तो थापट्या. चोच बघा, उलथनं आहे का नाही?"
आहे.

शिरीष, माझा मावसभाऊ, झांबियात साखर कारखान्यात असतो.
काफुए नदीच्या काठी असाच तंबू, त्याचा फोटो पाठवला होता:
पाणघोडा रात्री दोरीला अंग घासून गेला म्हणे,
सगळा तंबू तंबोऱ्यासारखा वाजला.
मी कळवलं, इथे पाणकोंबड्या आहेत. जांभळ्या.
त्यानं हसरा चेहरा पाठवला, मग आणखी एक.

ठकूबाईंनी बाजरीची भाकरी, मरळ माशाचं कालवण केलं.
हातपंपावर भांडी घासली. कंदील नेला.

सव्वादोनला चक्रवाकं एकदम ओरडली
आणि एकदम थांबली.
मग कुणी ओलं लाकूड करवतीनं कापावं तसं,
एकदा. दोनदा. थोडं थांबून, जवळ.
शिट्टी बाहेर, खांबाला. मी आत.
पंधरा वर्षांच्या नजरेला
संध्याकाळी एवढी एक चूक दिसली नव्हती.

उजाडल्यावर हातपंपाच्या चिखलात ठसे.
मी हात टेकवला, सवयीनं: चार बोटं रुंद.
नख उमटलेलं नाही.
त्याच्या मागे दोन लहान ओळी, एकमेकींत पाय अडकलेल्या.
ठकूबाई खराटा घेऊन आल्या.
"पिंजरा लावतील, ताई. ही जाईल. पोरं राहतील उसात.
आणि तोडणी आली की..."
पुढचं वाक्य खराट्यानं पुरं केलं.
"नात आहे माझी. अंधारलं की दाराबाहेर सोडत नाही मी तिला.
पण हिची पण पोरंच की."

नोंदवहीत तीन रकाने. नाव. गाव. काय पाहिले.
दिसलं ते लिहायचं, याचाच पगार घेते मी.
लिहिलं: थापट्या, चक्रवाक, राखी बगळा, उघडचोच.
पाचव्या नावाला पेन थांबलं.
गंगाधरनं विचारलं, "झोप लागली ना?"
"लागली."

निफाडच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला.
बांधाला कालपर्यंत नव्हत्या त्या खोपी,
पाचटाच्या, अजून हिरव्या;
बैलगाडीच्या जुवाला झोळी बांधलेली,
झोळीतून एक पाय बाहेर, पायात काळा दोरा.

पर्समध्ये सुट्टे पैसे शोधताना हाताला शिट्टी लागली.
केव्हा टाकली, खरंच आठवत नाही.
म्हटलं, भाऊ, जरा
थांबवता का रिक्षा.