हिरवी तार

तीन दिवस झाले, पंखा थांबत नाही.
भट्टी पेटते, विझते, तिचं ती बघते,
पंखा मात्र फुंकतोच आहे,
आधी ऊन, मग कोमट, मग नुसता
तळघरातला गारवा, माझ्या घोट्यांवर.
बाहेर उणे पस्तीस. नदी गोठून
पलीकडच्या कॅनडाला चिकटलेली.
दुरुस्तीवाला म्हणतो, गुरुवारी.
आज सोमवार.

म्हणून रात्री पावणेदोनला रैनोला फोन.
तो अ‍ॅरिझोनात, अर्ध्या चड्डीत असणार.
आईला पुरल्यापासून आम्ही
नाताळच्या कार्डांपलीकडे बोललो नव्हतो.
तो हॅलोसुद्धा म्हणाला नाही. म्हणाला,
"हा आवाज कसला, इर्या?"

"थर्मोस्टॅटवर बघ. ऑन आहे की ऑटो?"
ऑटो.
"नक्की?"
रैनो, मला वाचता येतं.
"फिल्टर?"
काढला. करड्या उंदरांची गोधडी. नवा घातला.
पंखा चालूच.

"जिना उतर. सांभाळून, चौथी पायरी—"
माहीत आहे. मी इथे राहते.
तो गप्प. मग मीही.
मधल्या वेळात पंखाच काय तो बोलत होता.

झाकण काढलं आणि एकदम
सगळं थांबलं.
थांबला! मी ओरडले. थांबला, रैनो!
"ते झाकणाचं बटण. झाकण निघालं की वीज तुटते.
ती खरी शांतता नव्हे.
बटण दाबून चिकटपट्टी लाव."
लावली. पुन्हा घरघर.
त्या अर्ध्या मिनिटासाठी मी कुणाशीही भांडले असते.

झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिल.
फिल्टर, नोव्हेंबर ब्याण्णव. वडिलांचा तिरका नऊ.
ओळीखाली ओळ, सोळा नोव्हेंबर.
मग रैनोचं ठोकळेबाज अक्षर, चार हिवाळे.
मग कोरा पत्रा.
फिल्टर मीच बदलत आले, बाहेरच्या खाचेतून, दरवर्षी.
लिहायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी त्याला यातलं काही बोलले नाही. लगेच नाही.

"खटका पाड. आता हिरवी तार दिसते?
तेवढीच सोडव. बाकीच्यांना हात लावू नकोस."
सासष्टाव्या वर्षी माझे हात
पहिल्यांदा या झाकणाआड.
लहानपणी मी तळघरात उतरायचे ती बरण्या आणायला.
टॉर्च धरायचा तो.
तार सोडवली, खटका वर केला.
पंखा चालूच.
"म्हणजे वरून हुकूम नाही," तो म्हणाला,
"खालीच कुणीतरी धरून बसलंय."

"रिले. काळी डबी, आगपेटीएवढी.
आतले पत्रे एकमेकांना चिकटलेत.
स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मार. हलकेच,
दार वाजवतेस तशी."
कुणाचं दार?
"काय म्हणालीस?"
काही नाही.

एक. दोन.
तिसरीला टक्.

पंखा लगेच नाही थांबला.
दमत, दमत, पाती मोजता येतील इतका हळू,
मग एक गचका, मग काही नाही.
वर फ्रिज गुणगुणत होता. पाइपात कुठेतरी ठिबकत होतं.
रैनोचा श्वास ऐकू आला,
वडिलांसारखीच शीळ आहे त्यात.

"हे तात्पुरतं आहे," तो म्हणाला. "पुन्हा चिकटेल.
गुरुवारी नवी बसवून घे. घासाघीस कर."
हो.
"खटका पाडून तार परत लाव. लावलीस? खटका वर.
आता थांबायचं. भट्टी पेटू दे, पंखा लागू दे,
आणि बघ, आपला आपण बंद होतो का."
किती वेळ?
"दहा-बारा मिनिटं. जास्तही."

मी बादली उलटी करून बसले.
तो फोन ठेवत नव्हता.
पेन्सिल कपड्यांच्या साबणाशेजारी सापडली.
रैनो, मी म्हणाले, झाकणावर कुणाचं अक्षर आहे माहीत आहे का—
आणि तेवढ्यात पंखा लागला
आणि पुढचं सगळं
मला ओरडून सांगावं लागलं.