सब्जेक्ट नंबर सात

निपाणीत उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते.
पिशवीत चार चॅनलचं यंत्र, जेलची ट्यूब,
संमतीपत्रं दोन भाषांत,
तिसरी माझ्या तोंडात.

हौसाक्कानं अंगठा उठवायच्या आधी विचारलं,
"करंट बसंल का गं?"
म्हटलं, न्हाई, करंट तुझ्यातनंच येतोय,
मी नुसता मोजणार.
"मग बिल मी तुला लावणार की," म्हणाली.

स्पिरिटनं मनगट पुसलं. जर्द्याचा पिवळेपणा
कापसावर आला आणि हातावरही राहिला.
इलेक्ट्रोड तिसऱ्यांदा चिकटला.

प्रोटोकॉल म्हणतो:
प्रथम पाच मिनिटे हात विश्रांतीत ठेवावा.
तिनं सूप बाजूला सारलं, कात्री, दोऱ्याचं रीळ,
हात मांडीवर ठेवला
आणि बसली फोटोला बसल्यासारखी.
पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती.
आली नाही.
थोड्या थोड्या वेळानं एक बारीक झुबका:
पान ओढ, जर्दा पसर, गुंडाळ, तोंड मोड.
मांडीवर काहीच नव्हतं.
"हात सैल सोड, अक्का."
"सोडलाय की. चाळीस वर्षं झाली,
ह्याच्यापरास सैल कसा असतोय, ठावं न्हाई."

बेळगावात पट्टणशेट्टी मॅडमनी आलेख पाहिला,
चष्मा कपाळावर चढवला.
बेसलाइन खराब आहे, हा सब्जेक्ट वगळ,
कन्नडमध्ये म्हणाल्या, मायेनंच.
मी रात्रभर फिल्टर लावत बसले.
पन्नास हर्ट्झची गुणगुण गेली,
वायर हलल्याची थरथर गेली,
हौसाक्का गेली नाही.

कारखान्यात संध्याकाळी हजारातल्या
साठ-सत्तर विड्या छाट म्हणून बाजूला पडतात.
पैसे कापतात, विड्या ठेवून घेतात.
आईच्या छाटीचा हिशेब मी पाटीवर करायचे.
वजाबाकी तिथंच शिकले,
एम.टेक.च्या फॉर्मपर्यंत ती पुरली.

आमच्या लॅबमधला कृत्रिम हात ग्लास धरतो.
अंडं धरतो, न फोडता.
पाहुणे आले की आम्ही अंडंच दाखवतो.
विडीचं तोंड त्याला मोडता येत नाही.
हे वाक्य प्रबंधात कुठं घालावं कळेना.
"पुढील संशोधनाची दिशा" खाली घालून पाहिलं,
तिथं ते परक्या लग्नात आल्यासारखं दिसतं.

तक्त्यात आता सहानंतर आठ आहे.
नंबर मी बदलले नाहीत.
बाइंडिंगवाला विचारील, एखादं पान गळलंय का.

काल तिचा फोन आला.
"लागला का गं निकाल, माझ्या हाताचा?"
मागं कात्री चालू होती.
म्हटलं, अजून तपासतायत.
"बरं," म्हणाली,
"तवर चालू ठेवते."